डाव्या बाजूचा दिवा

पिंपरीच्या मोठ्या दवाखान्याबाहेर मी उभी होते. सकाळची वेळ होती. माझे मालक भीमराज आतून बाहेर आले. त्यांच्या हातात एक पिशवी होती आणि पिशवीतून त्यांच्या बायकोच्या, सरूबाईंच्या, चपला दिसत होत्या. मित्रांनो, मी एक पिकअप गाडी आहे. माणसांचं मला फार कळत नाही. पण चपला पायात नाहीत, पिशवीत आहेत, याचा अर्थ मला त्या सकाळी कळला.

भीमराजांनी माझं डावीकडचं दार उघडलं. सरूबाई बसायच्या त्या जागी पिशवी ठेवली. मग ते माझ्या चाकाला टेकून खालीच बसले. कुणीतरी म्हणालं, "भाऊ, गाडी काढा, रुग्णवाहिका यायचीय." त्यांनी गाडी काढली. चिंचवडपर्यंत ते दुसऱ्या गिअरमध्येच आले. मी ओरडत होते. त्यांना ऐकू येत नव्हतं.

साधी कावीळ म्हणून नेलं होतं. आठवड्यात सगळं संपलं.

माझा जन्म इथलाच, चाकणच्या एका कारखान्यातला. मला बनवणाऱ्यांनी समोर दोन मोठे दिवे दिले आणि मागे लाल दिवे दिले. बाजूंना मात्र फक्त पिवळे सिग्नल आहेत. मी वळणार आहे हे ते दुसऱ्यांना सांगतात. वळणावर काय आहे ते मला सांगत नाहीत. मोठ्या रस्त्यावर त्याचं काही अडत नाही. पण महाळुंग्याच्या कारखान्यांमागे ज्या अरुंद गल्ल्या आहेत, तिथे खांबांवर दिवे नाहीत. तिथे वळताना माझे समोरचे दिवे भिंत बघत बसतात आणि मागचं चाक आतल्या बाजूने अंधारातून जातं. त्या चाकाखाली काय येतंय ते मला दिसत नाही. चालवणाऱ्यालाही दिसत नाही. मित्रांनो, मी वजनाला घाबरत नाही, चढाला घाबरत नाही. मी वळायला घाबरते.

माझे पहिले मालक राजगुरुनगरचे होते. त्यांनी मला भीमराजांना विकलं. तेव्हापासून मी पिण्याच्या पाण्याचे जार वाहते. भीमराज आणि सरूबाई मराठवाड्यातून इथे आले होते. दोघं मिळून जार भरायचे, दोघं मिळून उतरवायचे. शेवटची फेरी दिवेलागणीनंतरची असे, कारण दुसऱ्या पाळीच्या कामगारांना तेव्हा पाणी लागतं. त्यांच्या कारखान्याची शेडं अशाच एका गल्लीत आहेत. गल्लीच्या तोंडाशी नाला आहे आणि नाल्यावर छोटा पूल आहे. त्याला कठडा नाही.

तिथे आलं की सरूबाई खाली उतरायच्या. एका हातात बॅटरी घेऊन त्या पुलाच्या कोपऱ्यावर उभ्या राहायच्या. दुसऱ्या हाताने माझ्या अंगावर थाप मारायच्या. एक थाप म्हणजे थांबा. दोन थापा म्हणजे चला. टेम्पोवर काम करणारे सगळे हीच खूण वापरतात, पण त्यांच्या थापेने पत्रा दुखतो. सरूबाईंच्या थापेने कधी दुखला नाही.

भीमराज फारच हळू वळवायला लागले की त्या ओरडायच्या, "अहो, गाडी हाय का नवी नवरी? किती लाजायली!"

"तूच शिकवलंस तिला लाजायला," भीमराज म्हणायचे.

मग दोन थापा. आम्ही पलीकडे. पलीकडे गेल्यावर त्या मला म्हणायच्या, "बये, जमलं बघ तुला."

सरूबाई गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गावी परतले आणि आम्ही पुन्हा फेरीला लागलो. दिवसाच्या फेऱ्या कशातरी होत. सूर्य खाली गेला की माझी धडधड सुरू होई. भीमराजांचीही होत असावी. स्टिअरिंग त्यांच्या घामाने ओलं होई. पुलाशी आलं की ते एकदा थांबत, खाली उतरून अंधारातच कोपऱ्यावर कुणी आहे का ते बघत, परत चढत. पण ते चढेपर्यंत तिथे कोण येईल, याचा काय भरवसा? उतरलेला माणूस गाडी चालवू शकत नाही आणि चालवणारा माणूस कोपरा बघू शकत नाही. दोन माणसांचं काम एकाच्या अंगावर आलं होतं.

एका संध्याकाळी असेच ते कोपरा बघून चढले. सिग्नल टिकटिक करत होता. आम्ही वळलो. त्याच वेळी गल्लीतून सोजराबाई आल्या. त्या एका शेडमध्ये झाडलोट करतात. समोरच्या दिव्यांनी त्यांचे डोळे दिपले असावेत. गाडी सरळ जाईल असं समजून त्या पुलाच्या कोपऱ्याला सरकल्या. मी सरळ गेले नाही. माझी डावी बाजू त्यांच्याकडे यायला लागली. पुढे मी, मागे नाला. घाबरून त्यांनी दोन्ही हातांनी माझ्या अंगावर मारलं.

दोन थापा.

"हां सरू, आलो," भीमराज म्हणाले आणि त्यांनी ब्रेकवरून पाय उचलला.

मित्रांनो, मला थांबायचं होतं. पण गाडीला स्वतःहून थांबता येत नाही. मी पुढे गेले. सोजराबाईंची किंकाळी आली. मग भीमराजांनी असा ब्रेक मारला की मागचे जार एकमेकांवर आदळले. ते खाली उतरले. माझ्या चाकाखाली सोजराबाईंचा जेवणाचा डबा चपटा झाला होता. त्यांचा पाय त्या डब्यापासून वीतभर लांब होता.

"आवं दादा, मी जिवाच्या आकांतानं थापटतीया आन् तुमी गाडी म्होरं दामटताय व्हय?" त्या रडत रडत ओरडल्या. मग त्यांनी भीमराजांना ओळखलं. "तुमी व्हय! आन् सरूबाई कुठं हाय? आज उतरली न्हाई ती?"

भीमराज वाकून तो चपटा डबा चाकाखालून ओढायला लागले.

"माहेरी गेली का?"

"नाही बाई," ते म्हणाले. "सरू गेली."

सोजराबाई पुलावरच खाली बसल्या. भीमराजही बसले. माझं इंजिन चालूच होतं. ते बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी भीमराज मला चाकणला विक्कीकडे घेऊन गेले. विक्की गाड्यांची वायरिंग करतो. तो म्हणाला, "काका, टपावर लांबलचक लाइट टाकू. समोरच्याचे डोळे दिपले पाहिजेत."

"त्याचे डोळे दिपवून मी काय करू? मला खाली बघायचंय."

"खाली काय आहे बघण्यासारखं?"

"माणूस," भीमराज म्हणाले.

 विक्कीने पाना उचलला आणि तो माझ्याखाली सरकला. डाव्या बाजूला, मागच्या चाकाच्या थोडं पुढे, त्याने एक छोटा दिवा बसवला. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांवर उजेड जाऊ नये म्हणून दिव्याचं तोंड जमिनीकडे वळवलं आणि वर पत्र्याची पट्टी मारली. दिव्याची तार त्याने सिग्नलच्या तारेला जोडली. वळायचा सिग्नल दिला की दिवा आपोआप लागावा, असा त्याचा विचार होता.

पण सिग्नल लुकलुकतो, म्हणून दिवाही लुकलुकायला लागला. अंधार पडल्यावर पहिल्याच वळणावर उजेड, अंधार, उजेड, अंधार असं सुरू झालं. उजेडात मोकळा रस्ता दिसायचा आणि अंधारात तिथे कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. माझा पूर्वीचा अंधार बरा होता, इतकी मी भ्याले. भीमराजांनी तिथूनच गाडी मागे फिरवली.

"विक्की, हे नको बाबा. जीव जातो माझा."

विक्कीने सिग्नलची तार सोडवली, वेगळी तार ओढली आणि स्टिअरिंगजवळ एक बटण दिलं. आता बटण दाबलं की दिवा स्थिर जळतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही पुलाशी आलो. भीमराजांनी बटण दाबलं. मला माझं मागचं चाक दिसलं, खडी दिसली, पुलाचा कोपरा दिसला. इतक्या वर्षांत तो कोपरा मी पहिल्यांदाच पाहिला. तिथलं काँक्रीट फुटलेलं आहे. एक पाऊल मावेल एवढीच जागा आहे. एक गज वर आलेला आहे. त्यापलीकडे सरळ खाली नाला.

सरूबाई रोज तिथे उभ्या राहत होत्या. त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

भीमराज डावीकडच्या आरशात बघत राहिले. मग त्यांनी दिवा विझवला, आणि लगेच परत लावला. त्यांना पुढे जायलाच हवं होतं, आत माणसं पाण्यासाठी थांबली होती. आम्ही पुढे गेलो. मला वाटलं होतं की दिवा आला म्हणजे भीती जाईल. भीती गेली नाही. फक्त कशाला भ्यायचं ते आता दिसतं.

मित्रांनो, अंधारात गाडी वळत असेल तर तिच्या आतल्या बाजूला कधी उभे राहू नका. समोरचे दिवे पुढे गेले म्हणजे गाडी गेली, असं समजू नका. मागचं चाक आत येतं. आणि तुमच्या घरात कुणी गाडी चालवत असेल, तर एकदा त्यांना दिवे लावून गाडीभोवती फिरायला सांगा. अंधार कुठे उरतो ते त्यांना दिसेल. गाडी पुसता, तसं हेही करा.

सोजराबाई आता मला बघून लांबच थांबतात. भीमराज हात दाखवतात, त्यांना आधी जाऊ देतात. विक्कीने दुसऱ्या बाजूचं विचारलं होतं. भीमराज म्हणाले, "उजवीकडं मी बसतो की. मान बाहेर काढून बघतो."

पण त्या गल्लीतून परतताना आम्हाला उजवीकडे वळावं लागतं, आणि तेव्हा तोच फुटका कोपरा उजव्या हाताला येतो. मान बाहेर काढूनही तो अंधारात दिसत नाही. माझ्या उजव्या बाजूला दिवा अजून बसवलेला नाही.