थोरलीची खुशाली

पायलटची खुर्ची कधीच निघून गेली होती, म्हणून ती कॉकपिटातल्या लोखंडी पट्ट्यांवर उकिडवी बसून थोरलीच्या काचांना आतून तपकिरी कागद चिकटवत होती. तापलेल्या काचेवर चिकटपट्टी धरत नव्हती. एक कोपरा दाबला की दुसरा सुटत होता.

“ताई, कागद लावून काय होणार?” खाली शिडीपाशी उभ्या असलेल्या मेकॅनिकने विचारलं. त्याला सगळे नटबोल्ट म्हणत. खऱ्या नावाने हाक मारली तर तो वळूनही बघत नसे. “कॅप्टनसाहेब वर चढले म्हणजे?”

“शिडी मोडलीय म्हणून सांग.”

“ही?” नटबोल्टने शिडी गदागदा हलवून दाखवली. “हिच्यावरून हत्ती चढेल.”

“मग लपव कुठंतरी!”

ती स्वतःच्याच आवाजाने दचकली. खाली उतरून तिने फडक्याला हात पुसले, ते स्वच्छच होते, तरी पुन्हा पुसले. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं.

थोरली म्हणजे सरकारने हौसेने विकत घेतलेलं या सरकारी विमान कंपनीचं एकुलतं एक विमान. ते आलं तेव्हा बँड वाजला होता, आणि पुढच्या वर्षी आणखी दोन घेऊ, असं मंत्री भाषणात म्हणाले होते. ते पुढचं वर्ष काही उजाडलं नाही. त्यानंतर आली ती सगळी भाड्याची. दुसऱ्या कुणाच्या तरी रंगात यायची. शेपटीवर घाईघाईने आपलं चिन्ह चिकटवायचं आणि मुदत संपली की खरवडून परत पाठवायचं. एकाच्या आतल्या पाट्या तर अशा लिपीत होत्या की निम्मे प्रवासी स्वच्छतागृह समजून सामानाचं कपाट उघडायचे. हँगरमधली माणसं या विमानांना पाहुण्या म्हणू लागली, आणि घरच्या विमानाला थोरली.

पाहुण्यांची सरबराई थोरलीच्या जिवावर झाली. भाड्याचं विमान बिघडलं की सुटा भाग यायला महिने लागायचे, आणि उभ्या विमानाचंही भाडं चढायचंच. थोरली त्याच जातीची. मग ‘तात्पुरता’ म्हणून तिचा एक पंप काढला, तात्पुरता एक मीटर काढला, तात्पुरती पायलटची खुर्चीसुद्धा. काढणारे हात या कागद चिकटवणाऱ्या ताईचेच होते, कारण हँगरची मुख्य इंजिनिअर हीच होती.

आणि थोरलीचे कॅप्टन होते या इंजिनिअरचेच वडील. केस काळे होते तेव्हापासून पांढरे होईपर्यंत त्यांनी तिला चालवलं. निवृत्त झाल्यावर गुडघ्यांनी त्यांना घरी बसवलं, पण संध्याकाळी लेक दारात चपला काढत असतानाच त्यांचा प्रश्न यायचा, “थोरली कशी आहे?”

“मजेत आहे.”

सुरुवातीला ते खरं होतं. मग जिभेला वळण पडलं.

आता कंपनीच बंद होत होती. शेवटची पाहुणी आज परत जाणार होती, थोरली पुढच्या आठवड्यात भंगारात. बाबांनी हट्टच धरला होता, तिच्यात एकदा बसायचं. नेमका आजच भाडेकंपनीचा तपासनीसही आला होता. त्या कंपनीने हिला नोकरी देऊ केली होती, विमान बिनतक्रार परत मिळालं तर. नाहीतर या शहरात विमानाच्या इंजिनिअरने पंखे दुरुस्त करत बसायचं.

घोडं एकाच ठिकाणी अडण्याची भीती होती. पाहुणीच्या कॅप्टनच्या हातातलं, विमान वळवायचं कंट्रोल व्हील मध्यंतरी तडकलं होतं आणि तिने थोरलीचं काढून तिथं बसवलं होतं. भाग ठणठणीत होता, तिने तो दहादा तपासला होता. पण गडबडीत नोंद राहिली, नंतर करायचा धीर झाला नाही. ते आज उघडकीला आलं तर पाहुणी इथंच अडकणार होती, आणि तिची नोकरीही.

बाबा ठरल्या वेळेच्या आधीच आले. काठी टेकत थोरलीच्या नाकाखाली उभे राहिले आणि मान वर करून बघत राहिले.

“काचा का झाकल्यात?”

“ऊन येतं आत, बाबा.”

“शिडी कुठंय?”

“मोडली, साहेब,” नटबोल्ट जमिनीकडे बघत म्हणाला.

“मग त्या पिंपामागून डोकावतेय ती कुणाची?”

बाबांनी एकदा नटबोल्टकडे, एकदा मुलीकडे पाहिलं.

“बरं, राहू दे,” ते म्हणाले. “पाहुणीत बसतो जरा. तिची शिडी तरी शाबूत असेल.”

ते व्हील तर तिच्यातच होतं. पण नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

ही पाहुणी बाबांच्या निवृत्तीनंतर आलेली. त्यांनी तिच्यात पाऊलही टाकलेलं नव्हतं. कण्हत, कठड्याला धरत ते कॅप्टनच्या खुर्चीत बसले आणि दोन्ही हात समोरच्या व्हीलवर ठेवले. डावा हात तिथंच थबकला.

त्यांच्या तळव्यांना फार घाम यायचा. म्हणून थोरलीच्या व्हीलच्या डाव्या मुठीला ते बारीक दोरी घट्ट गुंडाळून ठेवायचे. व्हील इथं बसवताना तिने ती दोरी कापून काढली होती, पण वर्षानुवर्षांचे वळ तसेच राहिले होते. बाबांचा अंगठा एकेका वळावरून सरकत खाली आला आणि जिथं गाठ असायची तिथं थांबला. ते मुलीकडे वळले नाहीत. समोर, काचा झाकलेल्या थोरलीकडे बघत राहिले.

तेवढ्यात तपासनीस टॉर्च घेऊन आत आला. सभ्य माणूस होता, पण त्याच्या नजरेतून काही सुटत नव्हतं.

“हे व्हील सहवैमानिकाच्या व्हीलपेक्षा जुनं वाटतं,” तो तिला म्हणाला. “बदललं होतं का?”

तिने पेनचं टोपण काढलं, लावलं. कंपनीच्या एखाद्या साहेबासमोर ती बेधडक खोटं बोलली असती. पण इथं बाबांच्या देखत बोलायचं होतं. लॉगबुकात वेळ इकडची तिकडे केली म्हणून या माणसाने आपल्या जिवलग सहवैमानिकाशी बोलणं टाकलं होतं. टायरचा संशय आला तेव्हा खुद्द मंत्र्यांना विमानातून खाली उतरवलं होतं. सांगून टाकावं, होईल ते होईल.

“ते असं झालं की—”

“ती माझी करामत आहे,” बाबा म्हणाले. “हाताला घाम फार. दोरी गुंडाळायचो, तिचे वळ आहेत हे. बघा हात लावून.”

तपासनिसाने बोट फिरवून पाहिलं. “तुम्ही चालवायचात?”

“याच व्हीलवर हयात गेली माझी.”

“म्हणजे हे या विमानाचं मूळचंच?”

इतका वेळ बाबा अक्षरन् अक्षर खरं बोलले होते. आता ते थांबले. त्यांनी आधी उजवा हात काढला, मग डावा, आणि दोन्ही मांडीवर ठेवले.

“मूळचंच,” ते म्हणाले. “यात आमचं काही नाही.”

तपासनिसाने मान डोलावली आणि तो मागच्या बाजूला निघून गेला.

दुपारी पाहुणी धावपट्टीवरून उठली, तेव्हा दोघं हँगरच्या दारात उभी होती. शेपटीवर खरवडलेल्या चिन्हाचा फिकट डाग दिसत होता.

“बाबा, मी—”

“कुठं जाणार हे?”

“लांब. समुद्रापलीकडं कुणीतरी भाड्याने घेतलंय.”

“म्हणजे उडत राहील.”

“हो. रोज.”

नटबोल्ट ओशाळल्यासारखा शिडी ढकलत घेऊन आला. “साहेब, झाली दुरुस्त. चढताय?”

थोरलीच्या एका काचेवरचा कागद सुटून लोंबत होता. बाबांनी तिकडे पाहिलं आणि काठी उचलली.

“नको रे. चल, पोरी, घरी जाऊ.”

गाडीत ते डाव्या तळव्यावरून अंगठा फिरवत बसले. तिने दोनदा रेडिओ लावला, दोनदा बंद केला. त्यांनी रागवावं, निदान ओरडावं तरी, असं तिला वाटत होतं. आपल्यापायी त्यांनी जन्मात न केलेली गोष्ट केली, हे तिला सहन होत नव्हतं. घर आलं. दारात चपला काढून ती तशीच उभी राहिली, आणि बाबा आपल्या खुर्चीत जाऊन बसले. रोजचा प्रश्न आला नाही.

“अशी का उभी?” थोड्या वेळाने ते म्हणाले. “आज तू विचारायचंस.”

“काय?”

“रोज मी विचारतो ते.”

ती त्यांच्या खुर्चीपाशी आली. “थोरली कशी आहे, बाबा?”

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून मनाशी काही हिशेब केला.

“आत्ता समुद्रावर असेल,” ते म्हणाले. “मजेत आहे.”