तिफणीच्या अंतराने चाललेली देवी

१९८६, श्रावण. पावसाने दडी मारलेली. अभिमनचा गोऱ्हा खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत शिरला, पोटभर चरला, तोंडाला फेस आला आणि बांधावरच मेला.

मोघा: वर नरसाळं बसवलेली बांबूची नळी. पेरणीची तीन फणांची तिफण पुढे मुख्य पीक पेरत चालते, मागून बाई मोघ्यात मुठीतलं आंतरपिकाचं बी सोडत जाते. बाई वाकडी चालली की पीक वाकडं उगवतं. गावातल्या मंजुळाबाईची ओळ कधी वाकली नाही.

गावचा देवऋषी पुना भगत, त्याची अंगाऱ्याची राख: सात नद्यांच्या पाण्यात कालवलेली. सातवी नदी कोणती, असं विचारलं की भगताच्या अंगात यायचं.

पाचोरा स्टेशनामागे एक बाई शेंगा भाजते. गाव विचारलं तर सांगत नाही.

तर, गोऱ्हा मेला त्याच्या पुढच्या वर्षी, मार्गशीर्षात. अमळनेरकडच्या अभिमनच्या गावात ट्रॅक्टर भरभरून माणसं येत होती. अभिमनची तूर ऐन फुलावर उभीच्या उभी वाळली होती. नाल्याकडचं अर्धं वावर मात्र हिरवंगार, शेंगांनी लवलेलं. पुना भगत बांधावर घुमत होता.

"इठे देवी चालनी! जठे पाय पडना तठे हिरवं! बाकीनं बठ्ठं डाकीणनी खादं!"

बाकीचं सगळं खाणारी डाकीण म्हणजे मंजुळाबाई. गोऱ्हा मेला त्या दिवशी ती त्या बांधावरून गेली होती, एवढाच पुरावा. तूर वाळल्यावर गावाने तिची चूल फोडली. तिने गाठोडं उचललं आणि गेली.

लोक हिरव्या भागात नारळ फोडत होते. चालताना ज्वारीच्या धसकटांना ठेचकाळत होते. खाली कोणी बघत नव्हतं.

अभिमनचा मावसभाऊ सुकदेव धुळ्याला शेतकी शिकवायचा. तो आला. त्याने वाळलेलं एक झाड उपटलं, विळ्याने खोड चिरलं. आत काळी रेघ. हिरवं झाड चिरलं. आत पांढरं स्वच्छ.

"पुनाभाऊ, देवी चालली कशी?"

"सरय!"

"सरळच, दिसतंय. दर तिफणीमागे धसकटांची एक ओळ धरून चालली. देवीला तिफण कोणी जोडून दिली?"

चारदोन जण हसले.

"हसा! जीभ झडी जाई!" भगत ओरडला.

सुकदेव खाली बसला. "अभिमन, ही धसकटं कशाची?"

"जवारीनी, दादा."

"मग वाळलेल्या भागात का नाहीत?"

अभिमनने पायाने एक धसकट उकरलं. मग म्हणाला, "तठे मोघा चालनाच नही. अर्धं वावर व्हयनं, आनी मन्ही मायनी मंजुळाअक्काना हातमाईन मोघा काढी लिधा. म्हने, गोऱ्हा खानारी बाई वावरमा नको. मंग नुसती तूर पेरी."

"कोवळी ज्वारी खाऊन जनावराला किराळ लागते, विष चढतं, हे तुला माहीत नाही? ते विष ज्वारी स्वतःच्या रक्षणासाठी बनवते. गोऱ्हा त्यानेच मेला. तसलं द्रव्य तिच्या मुळांतूनही मातीत झिरपतं. तुरीला मारणारी बुरशी मातीतच असते; मुळातून शिरते, खोडातल्या पाण्याच्या वाटा बुजवते. ज्वारीच्या मुळांशी तिचा जोर ओसरतो. तिथे दुसरेच सूक्ष्मजीव वस्तीला येतात, तेही तिला दाबतात. गोऱ्हा मारला तो ज्वारीने. तूर राखली तीही ज्वारीने."

भगताने पिशवी उचलली. त्याच्यामागे निम्मी गर्दीही गेली; दुसऱ्या गावात त्याचं बोलावणं होतं.

शोधत शोधत अभिमन पाचोऱ्याला, स्टेशनामागे पोचला. मंजुळाबाईने त्याच्या हातात गरम शेंगा ठेवल्या.

"त्या गोऱ्हानी माय परत व्यायनी का रे?"

"व्यायनी, अक्का. घर चाल."

"कोनतं घर?" ती म्हणाली, आणि निखाऱ्यावरची शेंग उलटवली.

पीक वाळलं तर रोप उपटा. खोड चिरा. मुळाजवळची माती हातात घेऊन बघा, कळत नसेल तर कळणाऱ्याला विचारा. बाईच्या पावलांकडे बोट दाखवायला यातलं काहीच करावं लागत नाही, म्हणून ते आपल्याला सोपं जातं.

मोघा काढून घेतला तेव्हा मंजुळाबाईच्या ओटीत उरलेल्या अर्ध्या वावराला पुरेल एवढी ज्वारी होती.