मेलेल्याचं सामान

पटावरच्या ड्रॅगनने जाळून कोळसा केलेले दाजी पुन्हा फासा उचलायला लागले, तेव्हा माझं डोकंच फिरलं. या खेळात प्रत्येकाचं एक पात्र असतं आणि नियमांचं पुस्तक घेऊन खेळ मी चालवतो.

"दाजी, तुमचा योद्धा मेला. गप्प बसा."

"मेलेल्याने तलवार चालवू नये असं कुठे लिहिलंय? पान दाखव."

दाजी वकिलाकडे कारकून आहेत. नियमावर बोट ठेवल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. मी तीनशे पानं चाळली. गाढवाने किती ओझं उचलावं तेही सापडलं. मेल्यावर काय करू नये, ते मेलं कुठेच नव्हतं.

"पुस्तकात लिहिलंय तेच खरं!" दाजींनी फासा खुळखुळवला.

ताईने पुस्तक ओढून घेतलं. "पान चौऱ्याऐंशी. 'मेलेल्या खेळाडूचं सामान इतरांनी वाटून घ्यावं.'"

"अगं, लिहिणाऱ्याला पात्राचं म्हणायचंय!" दाजी ओरडले.

"लिहिलंय खेळाडूचं," म्हणत ताईने नवऱ्यापुढची वेफर्सची बशी स्वतःकडे घेतली. आमच्यात खेळायला आलेल्या शेजारच्या प्लंबरने दाजींचं जाकीट अंगात चढवलं.

"थांबा! खाली अपवाद असणारच," दाजी पानावर वाकले.

मी त्यांच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला.

"हं, वाचा आता."