सोजरचा गंज

इंझोरीच्या रामरावांनी आपल्या मधल्या मुलीचं, सोजरचं लग्न १९१२ सालच्या वैशाखात केलं. त्याच लग्नात आंदण म्हणून द्यायला त्यांनी मला कारंज्याच्या एका कासाराकडून ठोकून घेतलं. मित्रांनो, मी एक जुना पितळी गंज आहे. उभ्या काठाच्या, मोठ्या पोटाच्या पातेल्याला आमच्या भागात गंज म्हणतात. जुन्या वस्तू बोलू लागल्या की हळवं बोलतात, असं तुम्हाला वाटत असेल. मी रागानं बोलणार आहे. माझा राग इतक्या वर्षांत निवला नाही आणि तो निवावा अशी माझी इच्छाही नाही.

घडवून झाल्यावर कासारानं विचारलं, "नाव कोनाचं टाकू? जवायाचं?"

रामराव म्हणाले, "रांधनार कोन हाय? पोरगी. मंग पोरीचंच टाका."

कासारानं खिळ्यानं टिंबं टिंबं पाडून माझ्या काठावर 'सोजर' असं लिहिलं. सोजरला वाचता येत नव्हतं. पण घासताना तिचा अंगठा त्या टिंबांवरून हळू फिरायचा. एवढी अक्षरं आपली आहेत, हे तिला ठाऊक होतं.

तिचं सासर शेलूबाजारपासून तीन कोसांवर. नवरा जगदेव. शेती बरी, घरात खाणारी तोंडं कमी आणि जगदेवची जीभ भारी चोखंदळ. तो बाजाराच्या दिवशी शेलूबाजारला जायचा ते बैलांच्या खरेदीसाठी नाही की सरकीसाठी नाही, खाण्यासाठी. भज्यांच्या कढईपाशी उभा राहायचा, गुळाची जिलबी बोटांत धरून रस गळू न देता खायचा आणि शेवटी शालिग्राम महाराजांच्या खानावळीत बेसनाच्या पाटोडीचा रस्सा ओरपायला बसायचा. मंगरूळच्या उरसात गेला तरी तेच, वाशीमच्या जत्रेत गेला तरी तेच. घरी आला की चुलीपुढे बसून सांगत राहायचा.

"रस्सा असा लाल, सोजर, आन् वरतून तर्री. पन तोंडात घेतला की तिखट नाई लागत. तिखट मांगून येते."

"मांगून म्हंजे कुठी? घशात का नाकात?"

जगदेव डोळे मिटून आठवायचा. "नाकात."

"मंग मिरची कमी हाय. मिरे हायत त्याच्यात. आन् खोबरं करपेपर्यंत भाजलं असन."

आणि दुसऱ्या दिवशी ती तसा रस्सा माझ्यात करायची. मित्रांनो, हे नीट ऐका. सोजर आयुष्यात कधी खानावळीची पायरी चढली नव्हती. जी चव तिनं चाखली नाही, ती चव नवऱ्याच्या नुसत्या बोलण्यावरून ती माझ्या पोटात उभी करायची. मी चुलीवर असायचो, मला माहीत आहे. पहिली उकळी आली की ती वाफ नाकाशी घ्यायची, मान हलवायची आणि आणखी एक चिमूट काहीतरी टाकायची.

जगदेव पहिला घास घ्यायचा आणि म्हणायचा, "जमलं. पन तिथली ते तिथलीच."

दर वेळी हेच. एकदा सोजर हसून म्हणाली, "तुमची जीभ बाजारात आन् माहा हात चुलीत. मलेच एकदा घेऊन चाला ना. एकच घास चाखीन. मंग तुमाले एवढं सांगत बसा नाई लागनार."

"बायकायनं खानावळीत बसाचं? लोकं काय म्हनतीन?"

"लोकं काय म्हनतीन ते म्हनू द्या, चव कशी हाय ते तं समजन."

जगदेवला ही थट्टा वाटली. तो हसला आणि विषय तिथेच राहिला. पण पंगतीला मित्र बसवून तिच्या हातचं खायला घालायला त्याला फार आवडायचं. मित्र बोटं चाटायचे. "जगदेवराव, तुमच्या घरी जेवलं की बाजार इसरते." जगदेव मिशीवरून हात फिरवून म्हणायचा, "जीभ लागते राजेहो, जीभ!" गावात मला सगळे 'जगदेवचा गंज' म्हणू लागले. माझ्या काठावर नाव कोणाचं आहे, हे कोणी वाकून पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी वाचणारं कोण होतं?

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पितळेच्या भांड्याला आतून कथलाची कल्हई लागते. कल्हई असली की माझं पोट चांदीसारखं पांढरं दिसतं आणि काहीही रांधा, बाधत नाही. कल्हई झिजली की आतलं पिवळं पितळ उघडं पडतं. मग ताक, चिंच, अंबाडी असलं आंबट काही माझ्यात राहिलं की ते कळकतं. हिरवं पडतं, कडवट लागतं आणि पोटात गेलं तर विष होतं. यात माझा दोष नाही. मी पितळ आहे, माझा धर्मच तसा आहे.

आमच्या गावात गफूरमिया कल्हईवाला दिवाळीनंतर एकदा आणि पावसाळ्याच्या तोंडाशी एकदा यायचा. निंबाखाली खड्डा करून भाता बसवायचा. सोजर सुपात ज्वारी घेऊन जायची आणि मला चकचकीत करून आणायची. अनेक वर्षं हे नेमानं चाललं. मग १९२५ साली पिकाच्या गडबडीत दोन्ही खेपा हुकल्या. १९२६ च्या ज्येष्ठात गफूरमिया आला तेव्हा त्यानं माझ्यात डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"बाई, ये तो अंदरसे पूरा पिवळा झाला. आंबट नका रांधू याच्यात. जहर है, जहर."

"म्हनून तं आनला, भाऊ. लावून द्या."

तेवढ्यात बाजारातून जगदेव आला. तोंडात अजून पान होतं.

"थांब, थांब. कायले लावते कल्हई?"

"कळकून राह्यलं त्याच्यात. परवाची कढी हिरवी पडली. म्या फेकून देली."

"तुले काय समजते? म्या आजच शालिग्राम महाराजाले इचारलं. म्हनलं, महाराज, तुमच्या रश्शाले हे चव येते कशी? म्हने, आमच्या कढईनं जन्मात कल्हई पाह्यली नाई. ऐकलं? कल्हईनं चव मरते. म्हनून तुहा रस्सा तिथल्यासारखा होत नाई."

सोजर म्हणाली, "लोखंडाची असन त्यायची कढई."

"तू कधी पाह्यली?"

कधी नेलीच नव्हती, तर पाहील कशी? गफूरमिया हळूच म्हणाला, "बाई बराबर बोलते."

"तुमचा धंदाच हाय तो," जगदेव म्हणाला. "तुमी तं म्हनसानच."

सोजरनं ज्वारीचं सूप उचललं, मला काखेत घेतलं आणि घरी आली. त्या दिवसापासून तिनं स्वतःपुरता नेम केला. आंबट माझ्यात करायचं नाही. करावंच लागलं तर शिजताक्षणी मातीच्या गाडग्यात ओतून ठेवायचं. मला घासताना पोटातलं पिवळं पाहून तिचा हात थांबायचा.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी करीला जगदेवनं आसेगावचे दोन मित्र जेवायला बोलावले. रोडगे, वरण आणि अंबाडीची भाजी.

"अंबाडी मडक्यात करते," सोजर म्हणाली.

"मडक्यातली मातकट लागते. गंजात कर."

"आवं रंगूचे बाबा, गंजाले कल्हई नाई."

"तेच तं पाह्याचं हाय आज, चव कशी येते ते!"

तिनं केली. शिजताच वाढली, ती बाधली नाही कोणाला. मित्रांनी तिसऱ्यांदा मागून घेतली. जगदेव फुलून गेला. "पाह्यलं? मी काय म्हनत होतो?" तळाशी दोन-चार वाट्या भाजी उरली. सोजरनं गाडगं ओढलं तसा तो ओरडला, "ओतू नको. गंजातच राहू दे. मुरली की उद्या सकाळी खाईन. खरी चव उद्या येते."

तिनं माझ्यावर झाकण ठेवलं. मी त्या भाजीला पोटात घेऊन बसलो. मला ओरडता आलं असतं तर मी गाव गोळा केला असता.

मुक्कामाला राहिलेले मित्र सकाळी म्हणाले, आता आमच्याकडे चला, वडे-पुरणाचा बेत आहे. जगदेव मुरलेली भाजी विसरला आणि त्यांच्या बैलांच्या दमणीत बसून आसेगावला गेला. जाता जाता दारातून सांगून गेला, "भाजी ठेवजो. संध्याकाळी येतो."

सोजरनं झाकण काढलं. भाजीच्या कडेनं हिरवी रेघ धरली होती. पाच वर्षांची लेक रंगू शेजारी येऊन बसली आणि ताटली पुढे करून म्हणाली, "माय, मले भाजी."

"तुले नाई. तू गूळ-भाकर खाय."

रंगूला गूळ-भाकर देऊन तिनं स्वतः एक घास घेतला. थांबली. "कळकली," एवढंच म्हणाली. मग माझ्याकडे पाहत राहिली. ती काय विचार करत होती, ते मला ठाऊक आहे. चौदा वर्षं मी तिच्या हातात होतो. ठेवली तर संध्याकाळी तो खाणार. फेकली तर घर डोक्यावर घेणार, महिनाभर टोमणे मारणार. खाऊन टाकली म्हटलं तर तो हसून सोडून देईल. फार तर पोट दुखेल, असं तिला वाटलं असावं. तिनं कालच्या भाकरीशी ती भाजी संपवली आणि मला राखेनं घासून पालथं घातलं. हिरवी रेघसुद्धा तिनंच पुसली.

दुपारपासून तिला उलट्या सुरू झाल्या. तीन दिवस ती तळमळत होती.

मग गावानं काय म्हणावं? "गंजानं घात केला." मी! जगदेवनं मला लाथ घातली. त्याचा पोचा माझ्या कुशीत अजून आहे. मला गोठ्यात फेकलं. कोणी म्हटलं अपशकुनी, कोणी म्हटलं मोडीत द्या. कल्हई लावायची कोणी थांबवली, हे एकानंही विचारलं नाही. मित्रांनो, भांड्याला तोंड असतं पण बोलता येत नाही, म्हणून माणसं आपली पापं आमच्या पोटात ओततात.

दिवाळीनंतर जगदेव मला मोडीत द्यायला शेलूबाजारला घेऊन गेला. आणि कासाराकडे जाण्याआधी कुठे गेला? खानावळीत! बायको जाऊन अडीच महिने झाले होते आणि हा माणूस मला बाकाखाली ठेवून पाटोडीच्या ताटावर बसला. त्या दिवशी बाजाराला गर्दी होती. आत जागा नव्हती म्हणून महाराजांनी त्याला मागच्या दाराशी, चुलीसमोर बसवलं होतं.

चुलीवर कढई होती. काळीकुट्ट. मी पाहिली. त्यानंही पाहिली.

"महाराज," तो म्हणाला, "ही कढई कायची हाय?"

"लोखंडाची. काहून?"

"तुमी म्हनलं होतं, जन्मात कल्हई पाह्यली नाई."

"मंग! लोखंडाले कोनी कल्हई लावते काय, जगदेवराव?"

सगळी खानावळ हसली. जगदेव हसला नाही. त्याचा हात ताटावर तसाच राहिला. मग तो उठला. भरलेलं ताट सोडून उठण्याची त्याची ती पहिली वेळ. मला घेऊन तो कासाराकडे गेला नाही. बाजाराच्या टोकाला गफूरमियाचा भाता चालू होता, तिथे जाऊन त्यानं मला पुढे ठेवलं.

गफूरमियानं मला ओळखलं. "आज बाई नाई आली?"

गफूरमियानं जगदेवच्या तोंडाकडे पाहिलं आणि भाता हलवायला सुरुवात केली. नवसागराचा धूर निघाला, कथील फिरलं, माझं पोट पांढरं झालं. मला त्या पांढऱ्या रंगाचा इतका राग कधी आला नव्हता.

त्यानंतर जगदेवनं बाहेरचं खाणं सोडलं. घरी स्वतः रांधू लागला. दर भाद्रपदात अंबाडीची भाजी माझ्यात करायचा, चाखायचा आणि मान हलवायचा. तिची चव येत नव्हती. भांड्यात चव असते असं लोक म्हणतात. खोटं आहे. माझ्यात चव नव्हती, आणि असती तरी मी त्याला दिली नसती.

एका वर्षी त्यानं मोठ्या झालेल्या रंगूपुढे वाटी ठेवली. "तुह्या मायच्या हातची कशी लागे, सांग बरं. आंबट पह्यले लागे का तिखट? मी तशी करून पाहतो."

रंगू म्हणाली, "मले कसं आठवन, बाबा? मायनं मले त्या दिवशी गूळ-भाकर देली होती."

जगदेवनं वाटी उचलली आणि चुलीकडे तोंड करून बसून राहिला. मला त्याची कीव आली नाही.

आता मी रंगूबाईच्या घरी आहे. ती पावसाळ्याआधी न चुकता मला कल्हई करून आणते. मित्रांनो, मला चकचकीत ठेवा, अशी माझी विनवणी नाही. तुमच्या घरच्या भांड्याचं पोट पिवळं दिसलं तर आंबट रांधू नका आणि रांधणारी बाई 'कळकलं' म्हणाली तर तिचं ऐका. तिनं कुठली कढई पाहिली, हे तिला विचारू नका. तिला घेऊन जा आणि दाखवा.

माझ्या काठावर नाव अजून आहे. सोजर १९२६ साली ऋषिपंचमीच्या सकाळी वारली. जगदेव १९४४ च्या मार्गशीर्षात वारला.