कोचबाईंचे डॉक्टर

डॉक्टरांनी कानातली छोटी बत्ती बाहेर काढली, तिचं टोक कापसाने पुसलं आणि मान हलवली.

“पडद्यामागे पू झालाय. चांगलंच दुखत असणार.”

“झोपू देत नाही,” कोचबाई म्हणाल्या. “आणि ऐकू तर असलं येतंय की काल ओरडायचं होतं एकीला आणि ओरडले दुसरीलाच. ती बिचारी रडायला लागली.”

“म्हणजे कान दुखत असताना पाण्यात उतरलात.”

“काठावर उभं राहून पोहायला शिकवता येतं का, डॉक्टर?”

डॉक्टर हसले. कोचबाई हसल्या नाहीत, कारण हसलं की कळ थेट जबड्यात उतरत होती. तलावाच्या पाण्याने त्यांचे केस झाडूसारखे झाले होते आणि कान बारा महिने ओले असायचे. आसपासच्या निम्म्या लोकांना त्यांच्या तळहातावर पहिल्यांदा तरंगता आलं होतं. त्यामुळे सगळे त्यांना कोच म्हणायचे, रागावला की नवरासुद्धा. बाई हे शेपूट तेवढं डॉक्टरांनी आपल्या पदरचं जोडलं होतं.

डॉक्टर टेबलाला वळसा घालून आपल्या खुर्चीत बसले. कागदांचा गठ्ठा पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं. कोचबाई शाळेतल्या मुलीसारख्या ताठ बसल्या आणि वाट बघू लागल्या. आता डॉक्टर पेन खाली ठेवतील, त्यांच्याकडे बघतील आणि म्हणतील, “म्हणा.” मग त्यांनी म्हणायचं: पेनिसिलीन आणि त्याचं सगळं खानदान, सल्फा, आणि दुखण्यावरच्या त्या दोन गोळ्या. हे झाल्याशिवाय डॉक्टरांचं पेन कागदाला टेकत नसे. साधी सर्दी असो, नाहीतर पायात काच घुसलेली असो. दवाखान्याची मधली भिंत पातळ होती, त्यामुळे बाहेर बसलेल्यांनाही ते ऐकू जायचं. कोचबाईंचे पाढे सुरू झाले, असं म्हणून जुने पेशंट आपापसात हसायचे.

आज डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं नाही. ते सरळ लिहायला लागले.

या पाढ्यांमागे एक गोष्ट होती, आणि ती दोघांनाही सुखाची नव्हती. कोचबाई तलावावर नव्याने लागल्या होत्या तेव्हाची. घसा सुजला म्हणून त्या इथे आल्या. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, डॉक्टरांना मान वर करायला सवड नव्हती. ते सुई भरत असताना त्या म्हणाल्या होत्या, “लहानपणी एका इंजेक्शनने माझ्या अंगावर गांधी उठल्या होत्या.” डॉक्टर “बरं, बरं” म्हणाले आणि त्यांनी सुई टोचली. कोचबाई दारापर्यंतही पोचल्या नाहीत. ओठ जड झाले, घसा आतून कोणीतरी आवळत न्यावा तसा बंद होत गेला आणि समोरची माणसं लांब लांब जायला लागली.

डॉक्टरांनी तिथल्या तिथे उतारा टोचला, त्यांना स्वतः उचलून गाडीत घातलं आणि मोठ्या हॉस्पिटलात नेलं. आणि तिथल्या दारातच, नर्स, वॉर्डबॉय, येणारे-जाणारे अशा सगळ्यांसमोर सांगितलं, “हे इंजेक्शन मी दिलंय. त्रास होतो असं यांनी आधी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.”

हृदयाचं काहीतरी झालं असावं, एवढं मोघम बोलून त्यांना सुटता आलं असतं. कोणाच्या बापाला कळलं नसतं. पण औषधाचं नाव पहिल्याच क्षणी कळलं, म्हणून तिथल्या डॉक्टरांचा वेळ गेला नाही, आणि वेळ गेला नाही म्हणून कोचबाई वाचल्या. शुद्धीवर आल्यावर हे त्यांना तिथल्या मोठ्या डॉक्टरांनीच सांगितलं. नंतर डॉक्टर त्यांच्या घरी गेले आणि नवऱ्यासमोर, सासूबाईंसमोर उभ्याउभ्याच तेच शब्द पुन्हा बोलले. नवरा दातओठ खात होता. तक्रार ठोका, असं नणंदेचं म्हणणं होतं.

बरं वाटल्यावर कोचबाई पुन्हा याच दवाखान्यात निघाल्या, तेव्हा नणंदेने कपाळावर हात मारून घेतला.

“वहिनी, ज्याने बुडवलं त्याच्याकडेच पोहायला शिकायला निघालीस की गं!”

“दुसरा डॉक्टर माझं ऐकेल, लिहून घेईल आणि विसरून जाईल,” कोचबाई म्हणाल्या होत्या. “हे नाही विसरायचे.”

आणि डॉक्टर विसरले नाहीत. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथे तोंड पोळलं होतं कोचबाईंचं आणि ताक फुंकत बसले होते डॉक्टर. दाढ काढायची वेळ आली तेव्हा त्यांनी दातांच्या डॉक्टरला आपणहून फोन केला. बाळंतपणात तर त्यांनी तिथल्या नर्सना इतकं भंडावून सोडलं, की हे मुलीचे आजोबा का, असं एकीने विचारलं. ती मुलगी आता कॉलेजात जाते. औषधांच्या या जगात कोचबाई कशाला घाबरायच्या नाहीत असं नव्हतं. शेजारणीने डोकेदुखीवर गोळी पुढे केली तरी त्या पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचायच्या. पण या खोलीत आल्या की त्यांचे खांदे सैल व्हायचे. बाकी सगळीकडे त्यांना स्वतःला जपावं लागे. इथे दुसरं कोणीतरी ते काम करत होतं, आणि त्याबद्दल त्यांचं मन भरून यायचं.

डॉक्टरांनी कागद फाडून पुढे सरकवला.

“पाच दिवस घ्या. कान कोरडा ठेवा.”

कोचबाईंनी कागद हातात घेतला. इतक्या वर्षांत त्यांना डॉक्टरी अक्षर लागायला लागलं होतं. पहिल्याच ओळीवर त्यांची नजर अडकली. कंपनीने नाव मोठं गोंडस ठेवलं होतं, पण आडनाव बदललं म्हणून घराणं बदलत नाही. ते पेनिसिलीनचंच पिल्लू होतं.

आपली परीक्षा घेताहेत, असं त्यांना आधी वाटलं. त्यांनी वर पाहिलं. डॉक्टर शांतपणे पेनाला टोपण लावत होते.

कागद पर्समध्ये टाकून उठता आलं असतं. औषध घ्यायचंच नाही, दुसरीकडे जायचं, आणि या माणसाची मान आपल्यासमोर पुन्हा एकदा खाली जाऊ द्यायची नाही. कोचबाईंनी पर्सची चेन उघडलीही. मग बंद केली.

“डॉक्टर, आज म्हणायचं राहिलं.”

“काय राहिलं?”

“माझी औषधं. मला चालत नाहीत ती.”

“अरे! ॲलर्जी आहे तुम्हाला? मग सांगा ना, सांगा.”

कोचबाईंनी सांगितलं. वर्षानुवर्षं घोटलेले शब्द, पण सल्फापाशी त्यांचा आवाज अडखळला. डॉक्टरांनी लक्षपूर्वक ऐकलं, कागद मागून घेतला आणि त्याचे चार तुकडे केले.

“बरं झालं बोललात. मी नेमकं तेच लिहिलं होतं. जिवावर बेतलं असतं.” त्यांनी नवा कागद ओढला, विचार करून एकच नाव लिहिलं आणि अक्षर ठसठशीत केलं. “हे चालेल तुम्हाला. याचा त्या कुटुंबाशी संबंध नाही.”

कोचबाईंनी वाचलं. ते त्यांनी पूर्वीही घेतलेलं होतं. त्यांनी श्वास सोडला. एखाद्या दिवशी होतं माणसाचं, असं त्या स्वतःला समजावत होत्या, तेवढ्यात डॉक्टर हनुवटीखाली हात घेऊन पुढे झुकले. नुकताच डॉक्टर झालेला मुलगा विचारतो, तशा कुतूहलाने त्यांनी विचारलं,

“आणि हे पहिल्यांदा कळलं कसं?”

खोल भागात पाय टेकायला जावं आणि खाली तळच नसावा, तसं कोचबाईंना झालं. त्यांनी खुर्चीचा हात धरला.

“एकांनी इंजेक्शन दिलं होतं,” त्या म्हणाल्या.

“त्याला सांगितलं नव्हतंत?”

“सांगितलं होतं.”

“सांगूनही दिलं?” डॉक्टरांनी टेबलावर हात आपटला. “असल्या माणसाला दवाखाना कोण उघडू देतं? हात बांधून ठेवले पाहिजेत त्याचे!”

“तसं नका म्हणू.” कोचबाई इतक्या मोठ्याने बोलल्या की बाहेरची कुजबुज थांबली. त्यांनी आवाज खाली आणला. “त्यांनीच मला उचलून हॉस्पिटलात नेलं. आणि ‘चूक माझी आहे’ असं त्यांनी दारातच सांगितलं. लपवलं असतं तर मी आज तुमच्यासमोर नसते.”

डॉक्टर मागे टेकले.

“स्वतः सांगितलं त्याने?”

“चारचौघांत.”

“अवघड असतं ते.” डॉक्टर खिडकीकडे बघत राहिले. “फार अवघड असतं. मग पुढे तुम्ही कोणाकडे जायला लागलात?”

“त्यांच्याकडेच. अजून जाते.”

डॉक्टरांनी हे थोडा वेळ मनात घोळवलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग उतरला.

“शहाण्या आहात,” ते म्हणाले. “तो आता जपेल तुम्हाला.”

“जपलं. फार जपलं, डॉक्टर. माझ्या मुलीला आई मिळाली ती त्यांच्यामुळे.”

“मग हे त्याला सांगा कधीतरी. आम्हाला असं कोणी सांगत नाही.”

“सांगितलं,” कोचबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत उठल्या.

त्या दार उघडून बाहेर आल्या, तशी बाकावरची एक बाई लगबगीने उठली. तिच्या खांद्यावर तापाने लाल झालेलं मूल होतं. पुढचा नंबर तिचा. कोचबाई दारात तशाच उभ्या राहिल्या. त्या बाजूला झाल्या असत्या तर ती आत गेली असती, आणि त्या लेकराला अजून पाढे म्हणता येत नव्हते.

“ताई, दोन मिनिटं बसता का?” त्या म्हणाल्या. “आत जाऊ नका. मी आलेच.”

समोरच्या लहान खोलीत डॉक्टरांची सून बसायची. तीही डॉक्टरच. बरेचसे पेशंट आता तीच बघायची, जुने लोक तेवढे सासऱ्यांकडे हट्टाने जायचे. कोचबाईंनी दार वाजवलं आणि आत जाऊन ते मागे लावून घेतलं. काय लिहिलं होतं, कसं फाडलं, नंतर काय विचारलं, हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. मध्ये थांबलो तर पुन्हा बोलता येणार नाही, अशी त्यांना भीती वाटत होती.

सून ऐकत होती. शेवटचा प्रश्न ऐकल्यावर तिने डोळ्यांवर तळहात दाबून धरले.

“पहिल्यांदा कळलं कसं, असं विचारलं त्यांनी?”

“हो.”

“किल्ल्या विसरतात. तीच गोष्ट दोनदा सांगतात. मला वाटलं, वय झालं. कागदावर चुकत नाहीत, असं मी धरून चालले होते.” तिने हात खाली घेतले. “आणि तुमच्या बाबतीत तर… आमच्या घरात तुमचं नाव कसं घेतलं जातं, तुम्हाला माहीत नाही.”

कोचबाईंनी हातातला नवा कागद तिला दाखवला.

“कोच, कोणी सांगितलं नसतं हो. सगळ्यांनाच ते देव वाटतात. नवा कागद हातात आला होता, तुम्हालाही गुपचूप निघून जाता आलं असतं.”

“तेव्हा ते कुठे निघून गेले होते?” कोचबाई म्हणाल्या.

 सून उठली. आज सकाळपासून बाबांकडे आलेल्या प्रत्येकाला मी फोन करते, कोणी काही घेतलं असेल तर बघते, असं म्हणत तिने गळ्यातली नळी सारखी केली आणि ती बाहेर गेली. तिने तापलेल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवला, आईला बरोबर घेतलं आणि सासऱ्यांच्या खोलीचं दार ढकललं.

“बाबा, या बाळाला मी बघू का? तुम्ही जरा बाहेर बसता?”

ते वाद घालतील, असं कोचबाईंना वाटलं होतं. या खुर्चीवरून त्यांना कोणी कधी उठवलं नव्हतं. पण डॉक्टरांनी मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, तिच्या चेहऱ्यावर काहीतरी वाचलं आणि ते उठले. खुर्ची त्यांनी स्वतःच तिच्याकडे वळवून दिली.

बाहेर येऊन ते थोडे गोंधळले. आपल्याच दवाखान्यात बाकावर बसायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्यांना पाहून लोक उठायला लागले, तसं त्यांनी हातानेच बसा बसा म्हटलं आणि कोचबाईंच्या शेजारची रिकामी जागा धरली. आतून मुलाचं रडणं आणि सुनेचा समजावणारा आवाज येत होता. डॉक्टर मान तिरकी करून ऐकत होते.

“हात चांगला आहे तिचा,” ते म्हणाले.

“हो.”

“गर्दी आहे आज. तुमचा नंबर अजून आला नाही?”

“माझं झालं, डॉक्टर.”

“मग थांबलात कशाला?”

कोचबाईंचा कान ठणकत होता. गोळ्या अजून घ्यायच्या होत्या आणि तलावावर दुपारच्या मुली वाट बघत असणार होत्या. त्यांनी पर्स मांडीवर नीट ठेवली आणि त्या बाकावर मागे टेकून बसल्या.

“तुम्हाला सोबत,” त्या म्हणाल्या.