पाइपातली हवा

आमची जुनी डिझेल व्हॅन नवऱ्याने मला न विचारता आणली. खरं तर दोघांनी मिळून बघायला जायचं ठरलं होतं. इंजिन गार असताना चालू करून बघायचं, हेही ठरलं होतं. हा पठ्ठ्या एकटाच गेला, विकणाऱ्याच्या गोड बोलण्याला भुलला आणि किल्ली नाचवत घरी आला. पडद्यांचं दुकान दोघांचं. मी शिवते, तो बसवतो. मग गाडीच तेवढी एकट्याची कशी? मी त्याच्याशी अबोला धरला.

तेव्हापासून सगळे निरोप सासूबाईंमार्फत. "तुमच्या चिरंजीवांना सांगा, ताट वाढलंय." चिरंजीव समोरच बसलेले असायचे.

आज एका नव्या हॉटेलचे पडदे पोचवायचे होते. संध्याकाळी उद्घाटन. गाडीत सासूबाई आमच्या दोघांच्या मधे, दुभाष्याच्या जागी. अर्ध्या वाटेत गाडीने दोन गचके दिले आणि बंद पडली. काटा अर्धी टाकी भरलेली दाखवत होता. टाकी ठणठणीत कोरडी होती. नवऱ्याने पंपावरून कॅनभर डिझेल आणून ओतलं, तरी गाडी चालू होईना.

मेकॅनिकने फोनवर सांगितलं, "पाइपात हवा शिरलीय. सीटखाली फिल्टर आहे, त्याचा स्क्रू ढिला करा. एकाने गाडीखालून हातपंप मारायचा. बुडबुडे थांबले की पंप दाबून धरायचा आणि वरच्याने स्क्रू आवळायचा. आवळून होण्याआधी खालच्याने सोडला, की हवा परत आत."

नवरा गाडीखाली गेला. मी पाना घेऊन वर, सासूबाई दारात.

"थांबले म्हणावं बुडबुडे," मी म्हणाले.

"अरे, थांबले म्हणते."

"काय थांबले?"

"काय गं थांबले?"

एवढ्यात बुडबुडे पुन्हा सुरू झाले. दुसऱ्या खेपेला मी आवळायच्या आधीच त्याने पंप सोडला. तिसऱ्यांदाही तेच झाल्यावर सासूबाईंनी हात जोडले.

"तुमचं तुम्ही बघा. मी तिकडे सावलीत बसते. डोकं पिकलं माझं." आणि त्या खरंच गेल्या.

हॉटेलवाल्याचा फोन वाजत होता. मी पाना धरून बसले. गाडीवरचा राग कधीच ओसरला होता. बरी धावायची बिचारी. पण आपल्याला विचारावंसं त्याला वाटलंच नाही, हे आत सलत होतं.

खालून पंप सुरू झाला. बुडबुडे आले, कमी झाले, थांबले. आता बोलणं भागच होतं.

"अहो," मी म्हणाले, "थांबले. धरून ठेवा."

खालून आवाज आला, "धरलाय."

मी स्क्रू आवळायला घेतला.

"सोडू का?"

"नको."

"आता?"

"नाही म्हटलं ना."

"बरं. तू म्हणशील तेव्हाच सोडतो." मग हळूच म्हणाला, "गाडीच्या वेळीही विचारायला हवं होतं गं. चुकलंच माझं."

माझे डोळे भरून आले आणि हसूही आलं. एव्हाना स्क्रू घट्ट बसला होता. मी पाना खाली ठेवला, फडक्याला सावकाश हात पुसले.

"आता सोडू का?" त्याने पुन्हा विचारलं.

"थांबा जरा," मी म्हटलं.