हिरव्या शेपटीचा मासा

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. त्या आठवड्यात दारावरची बेल वाजली की सुचेता आधी दाराच्या भोकातून बघायची, मग दारात कचरेवाली असो नाहीतर कुरिअरवाला. आणि घर कुठलं म्हणाल, तर इंद्रलोक नावाच्या वस्तीतल्या त्या बिल्डिंगमधलं एकुलतं एक ख्रिस्ती घर, ज्याच्या फ्रिजवर चुंबकाखाली बायबलमधलं आठवड्याचं वचन लावलेलं असायचं.

ही वचनाची टूम सुचेतानेच काढलेली. चर्चचे पाळक एकदा म्हणाले होते की शिष्य चर्चच्या बाकावर तयार होत नाहीत, घरच्या ओट्यापाशी होतात. तिने ते मनावर घेतलं. दर रविवारी एक वचन चिठ्ठीवर लिहायचं, नुसतं पाठ न करता आठवडाभर वागून बघायचं आणि शनिवारी संध्याकाळी सतरंजीवर बसून काय जमलं, काय चुकलं ते तिघांनी, म्हणजे तिने, नवऱ्याने आणि नऊ वर्षांच्या लेकीने, दिशाने, खरंखरं सांगायचं. रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायच्या आधी कुणाशी बिनसलं असेल तर त्याच्या दारी जाऊन मिटवायचं, हाही नियम. पार्किंगवरून झालेल्या एवढ्याशा भांडणापायी नवऱ्याला, नीरजला, तिने एकदा लिफ्ट बंद असताना पाच मजले चढायला लावले होते. बिचारा ऑफिसच्या बुटांसकट चढला. आणि या आठवड्याची चिठ्ठी कुठली, तर खरं बोलण्याची. घ्या!

झालं होतं ते असं. मंगळवारी दुपारी दोरीवरची चादर ओढताना तिचा कोपर ग्रिलबाहेरच्या मोगऱ्याच्या कुंडीला लागला. बाहेर कुंड्या ठेवायच्या नाहीत असा सोसायटीचा नियम, पण ऊन तिथेच येतं म्हणून तिने दोन ठेवल्या होत्या. कुंडी गेली. खाली बाकावर तळमजल्याच्या इंदुबाई भाजी निवडत बसलेल्या. आधी फुटल्याचा आवाज आला, मग म्हातारीची किंकाळी. त्या क्षणी तिने काय करावं? दुसरी कुंडी आत ओढली आणि खिडकी लावून घेतली. पाच मिनिटांनी सगळ्यांसारखी तीही जिना उतरून खाली गेली, इंदुबाईंना पाणी पाजलं, रिक्षात बसवायला हात दिला. खांद्याचं हाड मोडलं होतं. चार बोटं इकडे असती तर डोक्यातच, असं जो तो म्हणत होता, आणि सुचेताही सगळ्यांबरोबर मान हलवत होती.

सेक्रेटरी दशरथकाकांनी मान वर करून पाहिलं. दुसऱ्या मजल्यावर सुचेताची खिडकी बंद, ग्रिल रिकामं. चौथ्यावर पिंकीच्या ग्रिलबाहेर तीन कुंड्या. पिंकी भाडोत्री, नवीन, कडेवर आठ महिन्यांचं लेकरू. ती रडून रडून सांगत होती, मेरे तीन गमले थे, तीनों हैं. पण भाडोत्र्याचं कोण ऐकतो? रविवारी मीटिंग घेऊन मालकाला बोलवायचं आणि घर खाली करायला लावायचं, असं ठरलं. बोर्डावर नोटीसही लागली.

चार दिवस सुचेताने स्वतःची समजूत घालून पाहिली. आता सांगायला जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पोलीस केस झाली तर? नीरजला लोक काय म्हणतील? बघा हे देवाचं नाव घेणारे, असंच म्हणतील, आणि काय चुकीचं म्हणतील! दिशाने रिकाम्या जागेकडे बोट दाखवून मोगरा कुठे गेला विचारलं, तेव्हा मावशीला दिला, असं ती पोळी लाटता लाटता सहज बोलून गेली. इतकं सहज, की तिचीच तिला धास्ती वाटली. त्या दिवसापासून पोर नीट जेवेना. अंगात ताप नाही, घसा ठीक, तरी ताटात अर्धी पोळी तशीच. आणि सुचेता फ्रिज उघडताना चिठ्ठीकडे बघायचं टाळू लागली. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशातली गत.

शनिवार उजाडू नये असं तिला फार वाटलं, पण तो उजाडला आणि संध्याकाळही झाली. नीरजने सतरंजी घातली, प्रार्थना केली, आपली चूक सांगितली. साहेबाला खोटं कारण देऊन लवकर निघालो, सोमवारी सांगून टाकेन, म्हणाला. मग दिशाची पाळी. ती कितीतरी वेळ सतरंजीचे दोरे ओढत बसली.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "दशरथआजोबांनी लिफ्टमध्ये विचारलं, तुमच्याकडे मोगऱ्याची कुंडी होती ना? मी म्हटलं, आईने ती मावशीला दिली."

"मग त्यात खोटं काय?" नीरजने विचारलं.

दिशाने फ्रॉकच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत खापराचा तुकडा होता. त्यावर अर्धा मासा आणि हिरवी शेपटी. चर्चच्या संडे स्कूलमध्ये तिनेच ती कुंडी रंगवली होती, सगळ्यांनी माशाला निळा रंग दिला तेव्हा हट्टाने हिरवा दिला होता. बाकाखालच्या मातीत तिला तो बुधवारीच सापडला होता.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तरी बोलले. आईला पोलीस नेतील म्हणून."

आईकडे तिने बघितलंसुद्धा नाही. पाप सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं आणि रडायला लागली. सुचेताला वाटत होतं, आपण घाबरलोय ते पोलिसांना, लोकांना. आता कळलं की खरी भीती ही होती. तीन दिवस आपली लेक खिशात खापर घेऊन शाळेत जात होती, आणि आपल्याकडून शिकली ती नेमकी हीच गोष्ट, खिडकी लावून घ्यायची.

नीरजने खापराकडे आणि मग बायकोकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्याला काही विचारायची गरज उरली नव्हती. सुचेता उठली. तोही उठायला लागला, तेव्हा तिने त्याला बसवलं. आधी मी पिंकीकडे जाते, म्हणाली. दिशा मात्र चपला घालून दारात उभीच होती.

चौथ्या मजल्यापर्यंत सुचेता दर पायरीला थांबत गेली. तिने बेल दाबली. पिंकीने दार उघडलं. मागे खोके बांधून ठेवले होते, त्यावर बाळाची दुपटी.

"पिंकी, वो गमला मेरा था," सुचेता म्हणाली. "मेरे हाथ से गिरा."

पिंकी ओरडली नाही. मग हळूच म्हणाली, "दीदी, मैं रोज गमले गिनती थी. तीन ही थे. फिर भी मुझे लगने लगा था कि मैंने ही गिराया है."

सुचेताने हात जोडले. दिशाने पुढे होऊन खापराचा तुकडा पिंकीच्या तळहातावर ठेवला. पिंकीने तो मुठीत धरला, क्षमा केली असं काही म्हणाली नाही, आणि दार लावून घेतलं. आतून बाळाचं रडणं आणि तिचंही ऐकू आलं.

खरं बोललं की मन हलकं होतं, असं सुचेता लेकीला कितीदा सांगायची. मन काही हलकं झालं नव्हतं. अजून तळमजला बाकी होता. इंदुबाईंचा गळ्यात बांधलेला हात, त्यांचा तापट मुलगा, शेजारीच दशरथकाकांचं दार. जिन्याच्या कठड्याला धरून ती उभी राहिली.

दिशाने तिचा हात धरला. "आई, तुला भीती वाटतेय?"

नाही गं, असं म्हणायची तिला नऊ वर्षांची सवय.

"हो," सुचेता म्हणाली. "खूप वाटतेय." आणि दोघी खाली उतरू लागल्या.